रिमिनीची वाळू नेमकी कुणाची?

आज आपण इटलीला चाललोय. पण रोम नाही, व्हेनिस नाही, आणि ते रंगीत घरांचं, डोंगराला लटकलेलं, प्रत्येकाच्या रीलमध्ये दिसणारं गावही नाही. आज रिमिनी.

ऐकता ऐकता एक काम करा. फोनवर नकाशा उघडा आणि इटलीचा बूट शोधा. बुटाच्या पोटरीकडं, म्हणजे पूर्वेला, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर वरच्या बाजूला रिमिनी दिसेल. आता सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि झूम करा. समुद्रात घुसलेला एक लांब धक्का दिसतोय? त्याच्या दक्षिणेला बघा. किनारा इतका रुंद आहे की रस्त्यापासून पाण्यापर्यंत चालत जायला काही मिनिटं लागावीत. त्यावर छत्र्यांच्या रांगा आहेत, वहीवर पट्टीनं आखाव्यात तशा. आता धक्क्याच्या उत्तरेला या. किनारा एकदम अरुंद होतो आणि पाण्यात दगडांचे तुटक तुटक बांध दिसायला लागतात, मोर्स कोडमधल्या डॅशसारखे.

शहर तेच, समुद्रही तोच, तरी एका बाजूला वाळू उतू जातेय आणि दुसरीकडं ती धरून ठेवायला दगड टाकावे लागलेत. आजचा सगळा भाग या एका चित्रावर आहे. रिमिनीला लोक 'निसर्गानं दिलेला बीच' म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं.

आधी वाळू आली कुठून ते बघू. रिमिनीच्या मागं अपेनाइन डोंगर आहेत. तिथून मारेक्किया नावाची नदी उतरते. पावसाळी, रागीट नदी आहे. उन्हाळ्यात गोट्यांमधून कशीबशी वाहते आणि पूर आला की डोंगराचा चुरा करून खाली आणते. गोटे वाटेत राहतात, वाळू समुद्रापर्यंत पोचते. रिमिनीचं जुनं नावच या नदीवरून आलंय. रोमन लोक नदीला अरिमिनस म्हणायचे आणि गावाला अरिमिनम.

समुद्र उथळ आहे. उत्तर एड्रियाटिकची सरासरी खोली पस्तीसएक मीटर, त्यामुळं रिमिनीत बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेपर्यंतच. लहान मुलं असलेल्या घरांना हे फार आवडतं. पोहणाऱ्यांना कंटाळा येतो, तो भाग वेगळा. लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात आणि वाळूला हळूहळू उत्तरेकडं ढकलत नेतात. वाटेत बंदराचा धक्का आडवा येतो. मग वाळू तिथंच अडते आणि दक्षिणेला साचत राहते. उत्तरेकडच्या विसेर्बासारख्या भागांना तिचा वाटा मिळत नाही. नकाशावर आत्ता पाहिलंत ते हेच. एकाला मिळालेला बीच दुसऱ्याच्या ताटातून आलाय.

किनारा किती पुढं सरकलाय याचा पुरावा शहरातच आहे. रोमन लोकांनी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इथं एक अँफिथिएटर बांधलं, तेव्हा ते समुद्राच्या जवळच होतं. आज त्याच्या अवशेषांपासून पाण्यापर्यंत किलोमीटरभर अंतर आहे. म्हणजे आज ज्या जमिनीवर हॉटेलं उभी आहेत, तिथं तेव्हा बहुधा मासे पोहत होते.

आता गंमत अशी की या शहराला समुद्राचं फारसं कौतुक कधी नव्हतंच. इसवी सनपूर्व २६८ मध्ये रोमनांनी इथं वसाहत केली ती रस्त्यांसाठी. रोमहून येणारा व्हिया फ्लामिनिया इथं संपतो आणि उत्तरेच्या सपाट मैदानात जाणारा व्हिया एमिलिया इथून सुरू होतो. जंक्शनचं गाव म्हणा ना! इसवी सनपूर्व ४९ मध्ये ज्युलियस सीझरनं रुबिकॉन नदी ओलांडली, आता माघार नाही असं ठरवून, आणि त्यानंतर पहिलं कुठलं शहर घेतलं असेल तर हेच. ऑगस्टसची कमान इसवी सनपूर्व २७ ची. टायबेरियसचा पाच कमानींचा दगडी पूल इसवी सन २१ मध्ये पूर्ण झाला आणि त्यावरून २०२० पर्यंत मोटारी धावत होत्या. दोन हजार वर्षांचा पूल, रोजच्या वाहतुकीला! आपल्याकडच्या एखाद्या पुलाचं नाव आत्ता तुमच्या डोक्यात आलं असेल, ते मनातच ठेवा.

मध्ययुगात इथं मालातेस्ता घराण्याचं राज्य होतं. दान्तेनं नरकात टाकलेली फ्रान्चेस्का याच घराण्याची सून. त्यातला सिजिस्मोन्दो इतका बदनाम होता की पोप पायस दुसरा यानं १४६२ मध्ये रोममध्ये त्याचा पुतळा जाळला. त्याच माणसानं आल्बेर्तीसारख्या वास्तुविशारदाला बोलावून एक अप्रतिम चर्च बांधून घेतलं, ते आजही शहरात आहे. त्याच्यावर वेगळा भाग करावा लागेल, म्हणून आज पुढं सरकते.

तर दोन हजार वर्षं हे तटबंदीच्या आतलं शहर. समुद्राकडं काय होतं? कोळी, बंदर, आणि ओसाड वाळू. ती वाळू कुणालाच नको होती, कारण तिथं काही पिकत नव्हतं. श्रीमंतांची जमीन आत, गव्हाची आणि द्राक्षांची.

मग एकोणिसाव्या शतकात डॉक्टर लोक सांगायला लागले की खारं पाणी औषध आहे. इंग्लंडमध्ये ही हवा आधीच सुरू झाली होती. रिमिनीत तेव्हा पोपचं राज्य. १८४३ मध्ये बाल्दिनी घराण्यातल्या दोन काउंट भावांनी आणि तिन्तोरी नावाच्या डॉक्टरनं मिळून इथं पहिलं स्नानगृह उघडलं. पाण्यात खांब रोवून वर लाकडी खोल्या, पुरुषांच्या वेगळ्या आणि बायकांच्या वेगळ्या. मजा करायला नाही हां, उपचार म्हणून. ऊन तर कुणालाच नको होतं. रापलेली कातडी म्हणजे शेतमजूर, असा हिशोब होता.

१८६१ मध्ये बोलोन्याकडून रेल्वे आली. रूळ टाकले ते जुनं शहर आणि समुद्र यांच्या बरोबर मधून. आजही रिमिनी म्हणजे दोन गावं आहेत, रुळाच्या अलीकडचं रोमन आणि पलीकडचं उन्हाळी. १८७३ मध्ये समुद्रकाठी कुर्साल नावाची नाचगाण्याची भव्य इमारत झाली आणि १९०८ मध्ये ग्रँड हॉटेल. पांढरंशुभ्र, केकसारखं. फेदेरिको फेलिनी १९२० मध्ये या शहरात जन्मला आणि हे हॉटेल बाहेरून बघत मोठा झाला. त्याच्या 'अमार्कोर्द' सिनेमात ते आहे. अमार्कोर्द म्हणजे तिथल्या बोलीत 'मला आठवतंय'. पण शूटिंग रिमिनीत नाही केलं त्यानं. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत आपलं गाव पुन्हा उभं केलं. मला हे कायम पटत आलंय. कारण तो सिनेमा करेपर्यंत, म्हणजे १९७३ पर्यंत, त्याच्या लहानपणीचं रिमिनी शिल्लकच नव्हतं.

ते कसं गेलं, तिथं आता येते. इथं आपली माणसंही येतात.

१९४४. जर्मन सैन्यानं इटलीच्या आडव्या अंगावर, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, बचावाची एक फळी बांधली होती. गॉथिक लाइन. पूर्वेकडं ती एड्रियाटिकला जिथं येऊन मिळत होती, तिथून रिमिनी जवळच. डोंगर संपून सपाटी सुरू होते ती इथंच, रोमनांचं जंक्शन होतं त्याच कारणासाठी. त्यामुळं दोस्त राष्ट्रांना रिमिनी हवंच होतं. १९४३ च्या अखेरीपासून विमानांनी शहरावर शेकडो वेळा बॉम्ब टाकले. २५ ऑगस्टला जमिनीवरची चढाई सुरू झाली आणि २१ सप्टेंबर १९४४ ला ग्रीक ब्रिगेडचे सैनिक शहरात शिरले. शहर म्हणजे ढिगारा होता. बहुतेक सगळ्या इमारती पडलेल्या किंवा मोडलेल्या. टायबेरियसचा पूल मात्र उभा!

या लढाईत ब्रिटिश इंडियन आर्मीच्या डिव्हिजन्स होत्या. रिमिनीहून सान मरिनोला जाणाऱ्या रस्त्यावर एक युद्धस्मशान आहे, तिथं सहाशेहून जास्त सैनिक आहेत, गुरखे आणि इतर हिंदुस्थानी. शेर बहादूर थापा तिथंच आहे. १८-१९ सप्टेंबरला सान मरिनोजवळ जखमी साथीदारांना मारा चालू असताना उचलून आणताना तो मेला, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्यांना दहन दिलं गेलं त्यांच्यासाठी तिथं वेगळं स्मारकही आहे. बीचपासून हे ठिकाण गाडीनं थोड्याच अंतरावर आहे. किती जण जातात कुणास ठाऊक.

आणि मराठा लाइट इन्फंट्री? तीही इटलीत होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मारले गेले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर लढले. ही सेनिओ रिमिनीच्या वायव्येला, त्याच सपाटीत वाहते. तिचे पूरबांध दोन्हीकडं इतके उंच की ते चढणं म्हणजे मरणच. जाधवांनी तिथून दोन जखमींना बाहेर काढलं आणि मग परत जाऊन मशिनगनची ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. जाधव जिवंत घरी आले. रायगड आणि नगरच्या शेतकऱ्यांची पोरं, ज्यांचा स्वतःचा देश पारतंत्र्यात होता, ती या नद्यांच्या काठावर लढत होती. इटलीच्या सहलीची आखणी करताना आपण आयफोनच्या मेमरीचा विचार करतो. एक तास या स्मशानासाठी ठेवायला हरकत नाही, एवढंच म्हणेन.

युद्ध संपलं. १९४८ मध्ये कुर्साल पाडून टाकलं. लोकांच्या हातात काय होतं? ढिगारा आणि वाळू. आणि मग जे झालं ते मला या शहराच्या इतिहासातलं सगळ्यात जबरदस्त प्रकरण वाटतं, सीझरपेक्षासुद्धा.

कोळी, मजूर, दुसऱ्याची जमीन अर्धलीनं कसणारे शेतकरी, या लोकांनी हॉटेलं काढली. पैसे नव्हते. मग 'कांबियाले' होतं, म्हणजे हुंडी. बांधकामवाल्याला हुंडी लिहून द्यायची की पुढचा सीझन झाला की फेडतो. सीझन चांगला गेला तर फेडायचं आणि आणखी एक मजला चढवायचा. आई स्वयंपाकघरात, बाप छत्र्यांवर, पोरं वाढप्याचं काम करणार. काही घरांत तर उन्हाळाभर स्वतःची खोली पाहुण्याला देऊन कुटुंब तळघरात झोपायचं. जेवण घरचंच. पियादिना नावाची तव्यावरची भाकरी, पास्ता, आणि वाळूत सापडणाऱ्या बारीक शिंपल्या. त्यांना तिथं 'पोवेराच्चा' म्हणतात. 'गरीब बिचारी' अशा अर्थाचं नाव. कोकणातल्या मंडळींनी तिसऱ्या आठवाव्यात आणि पुढं ऐकावं.

मिलानचा कारखान्यातला कामगार आणि म्युनिकचा कारकून, दोघांनाही परवडेल असा समुद्र इथं तयार झाला. ज्या जर्मनांशी काल लढाई होती त्यांच्यासाठी दहा-पंधरा वर्षांत जर्मन भाषेतल्या पाट्या लागल्या. एकट्या रिमिनीत हॉटेलांची संख्या हजाराच्या वर गेली. याला कुणी बकालपणा म्हणतं. मी म्हणणार नाही. ज्यांना आयुष्यात कधी सुट्टीच मिळाली नव्हती त्यांना समुद्रावर आठ दिवस मिळाले, आणि तेही ज्यांना कधी स्वतःचं घर नव्हतं त्यांच्या घरात.

पण हॉटेल बांधायला लागतं काय? काँक्रीट. आणि काँक्रीटला वाळू-खडी. ती कुठून आणली? मारेक्कियाच्या पात्रातून! वाळूउपसा हा शब्द आपल्याला समजावून सांगायला नको. पुढं बंदी आली, पण तोवर नदीनं आपलं अंथरूणच गमावलं होतं. वेरुक्किओच्या खालच्या बाजूला गोट्यांचा थर गेला आणि नदी खालची मऊ चिकणमाती कापत गेली. तिथं आज चक्क घळई आहे. म्हणजे जी नदी बीच बनवत होती, तिचीच वाळू काढून बीचवर येणाऱ्यांसाठी खोल्या बांधल्या. त्यातच भूजलाचा उपसा झाला आणि किनाऱ्याची जमीन खचली.

रिमिनीच्या मधल्या भागाला धक्क्यानं वाचवलं. शेजारच्या गावांना नाही. उत्तरेला दगडी बांध आले. दक्षिणेच्या रिच्चोने, मिसानो भागात किनारा झिजत गेला. २००२ मध्ये खोल समुद्राच्या तळातली वाळू जहाजानं उपसून पाइपनं तिथं आणून टाकली. नंतरही हे पुन्हा पुन्हा करावं लागलंय. बीच आता दुरुस्तीचं काम झालंय, इमारतीच्या गच्चीसारखं.

वाळू झाली. पाण्याचं काय?

एड्रियाटिकमध्ये इटलीची सगळ्यात मोठी नदी पो येऊन मिळते, रिमिनीच्या उत्तरेला. वाळू लाटांनी उत्तरेला सरकते हे मघाशी सांगितलं, पण पाण्याचा मोठा प्रवाह किनाऱ्यालगत दक्षिणेला वाहतो. म्हणजे पोचं पाणी थेट रिमिनीच्या दारात. आणि पो कुणाचं पाणी आणते? तुरिन, मिलान, आख्खं औद्योगिक उत्तर इटली, शेतांतली खतं, डुकरांचे गोठे, घराघरातली डिटर्जंट पावडर. मिलानमध्ये सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा पहिला मोठा प्रकल्प सुरू व्हायला २००३ उजाडलं. म्हणजे मिलानचा पाहुणा ऑगस्टमध्ये रिमिनीत यायचा, त्याच्या कपड्यांचा फेस त्याच्या आधीच पोचलेला असायचा.

फॉस्फरस हे शेवाळाचं खत. १९७५ च्या सप्टेंबरात जवळच्या चेझेनातिको भागात शेवाळाचा असा उद्रेक झाला की ते कुजताना तळाचा ऑक्सिजन संपला आणि मेलेले मासे ढिगांनी किनाऱ्याला लागले. त्यानंतर तिथं समुद्रावर नजर ठेवायला संशोधन नौका आली, तिचं नाव दाफ्ने. डिटर्जंटमधला फॉस्फरस कमी करायचे कायदेही झाले.

आणि मग १९८९. ऐन सीझनमध्ये समुद्रावर चिकट, तपकिरी-पांढरी साय धरली. मैलोन् मैल. हात घातला तर बोटांना लोंबणारी. याला म्युसिलेज म्हणतात. सूक्ष्म शैवालं जो चिकट पदार्थ सोडतात तो शांत, उबदार पाण्यात गोळा होऊन त्याचे असे थर होतात. इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी. ही साय काही डिटर्जंटनं जन्माला घातलेली नाही. एड्रियाटिकमध्ये तिची नोंद १७२९ पासून आहे, कोळी तिला 'घाणेरडा समुद्र' म्हणायचे. पण हे टीव्हीवर कोण ऐकणार? कॅमेऱ्यांनी साय दाखवली, जर्मनांनी बुकिंग रद्द केली. हुंड्यांवर उभ्या राहिलेल्या घरांच्या खोल्या ऑगस्टमध्ये रिकाम्या. ज्यांना परवडलं त्यांनी हॉटेलच्या आवारात पोहण्याचे तलाव खणले. समुद्रापासून दगडफेकीच्या अंतरावर तलाव!

त्याच वर्षी जुन्या शहरातल्या एका चौकात खोदकाम सुरू झालं आणि तिसऱ्या शतकात जळालेलं एका रोमन शल्यविशारदाचं घर सापडलं, दीडशेच्या आसपास शस्त्रक्रियेच्या अवजारांसकट. रुळाच्या पलीकडचं रिमिनी बुडत असताना अलीकडचं जमिनीतून वर येत होतं. आज लोक ते घर बघायला तिकीट काढतात, पावसाळी दिवशी तर नक्कीच.

पाणी सुधारलं, पण शहराचा स्वतःचा एक दोष उरला होता. पावसाचं पाणी आणि मैला एकाच गटारात. मुसळधार पाऊस आला की दारं उघडायची आणि सगळं बीचवर, मग पोहायला बंदी. समुद्रकाठी अशी अकरा तोंडं होती. २०१३ पासून ती बंद करायचं मोठं काम हाती घेतलं. पियाझाले केनेडी नावाच्या चौकात जमिनीखाली प्रचंड टाक्या बांधल्या, त्यात पावसाचा लोंढा थांबवायचा. वरती समुद्र बघायला सज्जा केलाय. लोक तिथं बसून सेल्फी काढतात. पायाखाली काय आहे ते फोटोत येत नाही.

राहिला शीर्षकातला प्रश्न. कायद्यानं इटलीतला किनारा सरकारचा आहे. छत्र्या लावणारे 'बान्यिनो' तो भाड्यानं घेतात, आणि भाडं वर्षानुवर्षं अगदी किरकोळ. परवाना बापाकडून मुलाकडं, मुलाकडून नातवाकडं. २००६ च्या युरोपीय नियमानं सांगितलं की असे परवाने खुल्या स्पर्धेनं द्या. इटलीची सरकारं मुदत वाढवत राहिली. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं अशी आपोआप वाढ बेकायदेशीर ठरवली. २०२४ च्या वटहुकुमानं पुन्हा एकदा मुदत दिली, सप्टेंबर २०२७ पर्यंत. नातू म्हणतात आजोबांनी ढिगाऱ्यातून हे उभं केलं. दुसरे म्हणतात, केलं ते सगळ्यांच्या वाळूवर. मला दोघांचंही पटतं, त्यामुळं मी न्यायाधीश झाले नाही तेच बरं. फक्त एक खटकतं. या भांडणात विसेर्बाचं नाव कुणी घेत नाही आणि नदीचं तर नाहीच.

तोवर दर हिवाळ्यात छत्र्या उतरतात, ट्रॅक्टर येतात आणि वादळापासून वाचायला छत्र्यांच्या जागेपुढं वाळूचा उंच बांध घालतात. वसंतात तेच ट्रॅक्टर तो बांध मोडून वाळू सपाट करतात, आणि मग पट्टीनं आखल्यासारख्या रांगा पुन्हा लागतात.